शिवसागर ओलांडून वासोट्यास

अलास्का राज्यातील होमर या बंदरगावच्या माणसास वाढदिवसासारख्या प्रसंगी एका दिवसाची सहल करावयाची झाल्यास, सकाळी भाड्याच्या नावेने कॅचेमॅक उपसागर ओलांडावा, पलीकडच्या किनाऱ्यावर उतरून अरण्यातून सुमारे ५ किलोमीटर चालावे, ग्रुइंक हिमनदीच्या मुखाशी साचलेल्या सरोवरात तरंगणारे हिमखंड डोळे भरून पाहावेत आणि ठरल्या वेळी परतीच्या नावेसाठी हजर व्हावे, अशी तेथे सोय आहे. पिंपरी-चिंचवडमधील तळवड्याच्या रहिवाशास हिमनदी कोठून लाभावी? तथापि नाव, निबिड अरण्य, छातीवरची चढण आणि दिवस मावळण्यापूर्वी परतण्याचा सक्त हुकूम, ही चारही अंगे ज्या सहलीत एकत्र येतात, ती साताऱ्याच्या पश्चिमेस, जावळीच्या खोऱ्यात, वासोटा ऊर्फ व्याघ्रगडाच्या रूपाने त्याच्यासाठी सिद्ध आहे.

आमच्या या भागात वाढदिवस साजरा करण्याची रीत म्हणजे चौकात हसऱ्या मुद्रांचा भव्य फलक आणि मध्यरात्री मोटारसायकलीच्या सीटवर कापलेला केक. हा सोहळा ज्यांस पुरेसा वाटतो त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण ज्यांस तो पुरेसा वाटत नाही, अशा कामगार-कारकून मंडळींनी गुरुवार साधून वासोटा गाठावा, अशी माझी शिफारस आहे. गुरुवार अशासाठी की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बहुधा त्या दिवशी असते आणि रविवारची झुंबड टळते. ही सुट्टी गुरुवारी का, याचे उत्तर विजेत आहे: सर्व औद्योगिक वसाहती एकाच दिवशी बंद व एकाच दिवशी चालू राहिल्यास विजेच्या मागणीचा तोल ढळतो, म्हणून सुट्ट्यांचे वार वाटून देण्यात आले. विजेचा हा धागा पुढे थेट बामणोलीच्या धक्क्यापर्यंत पोचतो.

रात्री तीनच्या सुमारास निघावे. देहूरोड-कात्रज वळणरस्ता, खंबाटकी, सातारा, आणि तेथून कासच्या पठारावरून खाली उतरले की बामणोली येते. येथे वनखात्याच्या दफ्तरी ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. कारण पलीकडचे अरण्य हे कोयना अभयारण्य असून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मग नाव सुटते, आणि सुमारे तास-दीड तास दोहों बाजूंच्या डोंगरांमधून, निश्चल हिरव्या पाण्यावरून, मेट इंदवलीच्या काठापर्यंत जाते.

हे पाणी निसर्गाने साठविलेले नव्हे. महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळणारी कोयना, १९५० च्या दशकात काम सुरू झालेल्या, १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडविली, आणि सुमारे १०५ अब्ज घनफूट क्षमतेचा शिवसागर निर्माण झाला. पूर्ववाहिनी नदीचे हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या बाजूस खाली सोडले जाते व त्या प्रपातावर जनित्रे फिरतात. संपूर्ण प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पहिल्या टप्प्याची वीज १९६० च्या दशकाच्या आरंभी वाहू लागली, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले तेही त्याच सुमारास, १९६२ साली. पिंपरी, भोसरी आणि पुढे तळवडे-चाकण येथवर जो यंत्रांचा विस्तार झाला, त्याच्या पायाशी या खोऱ्यातील सुमारे शंभर गावांच्या जमिनी, देवळे व स्मशाने बुडाली आहेत, ही गोष्ट आमच्या पट्ट्यातील किती लेथचालकांस ठाऊक असेल? धरणग्रस्तांपैकी अनेकांस कोकणात व इतरत्र हलविण्यात आले आणि पुनर्वसनाच्या हक्कासाठी त्यांच्या नातवंडांनाही आंदोलने करावी लागली. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला भूकंप, ज्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, तो जलाशयाच्या भारामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो.

मेट इंदवलीस सामानातील प्लास्टिकची मोजदाद होते. तेथून दोन-अडीच तासांची चढण, आरंभी ओढ्याकाठच्या गर्द सावलीतून, आणि शेवटी उघड्या कड्यालगत. गवा, अस्वल, बिबट्या यांचा हा मुलूख असल्याने गाणी वाजवीत जाणाऱ्यास काहीच दिसत नाही, आणि ते योग्यच होय. माथ्यावर मारुती, महादेवाचे देऊळ, पाण्याचे टाके, वाड्याचे जोते आणि चुन्याचा घाणा एवढेच शिल्लक आहे. परंतु बाबुकड्याच्या टोकास उभे राहून अर्धवर्तुळाकार काळ्या भिंतीखाली पसरलेले कोकण पाहिले म्हणजे हा दुर्ग बंदिवासासाठी का वापरीत, हे निराळे सांगावे लागत नाही. १६६० मध्ये तो शिवछत्रपतींच्या ताब्यात आला. पेशवाईच्या उतरत्या काळी ताई तेलीण या बाईने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेविरुद्ध तो अनेक महिने झुंजवला. पुढे दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे कुटुंब येथे ठेवले होते. १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून मारा केला आणि गड पडला.

गडावर मुक्कामास बंदी आहे व पावसाळ्यात वाट बंद असते. ऑक्टोबर उलटल्यावर मात्र ती खुली होते. ज्याचा वाढदिवस श्रावणात येतो, त्याने तो कार्तिकात साजरा करावा. आणि परतताना नावाड्यास त्याचे मूळ गाव कोणते, एवढे अवश्य विचारावे. तो वल्ह्याने किंवा हाताने पाण्यातील एक जागा दाखवील, ती नीट पाहून घ्यावी.