चुना पुन्हा दगड कसा होतो?

चुनखडीचा दगड फोडला की खडे होतात आणि खडे कुटले की पांढरी भुकटी. रूप पार पालटते, पण पदार्थ तोच राहतो. दगडावर लिंबाचा रस टाकला तर बुडबुडे येतात, भुकटीवर टाकला तरी येतात. आकार किंवा अवस्था बदलली, पण नवा पदार्थ तयार झाला नाही, तर तो भौतिक बदल. बर्फ वितळणे, पाणी उकळून वाफ होणे हेही भौतिक बदलच.

आता हाच दगड भट्टीत घालू. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तो भाजून निघतो. बाहेर काढल्यावरही तो दगडासारखाच दिसतो, पण हातात घेतला तर हलका लागतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, तर उरते ५६ ग्रॅम चुनकळी. बाकीचे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. इथे दिसण्यात फारसा फरक नाही, तरी पदार्थ नवा आहे. हा रासायनिक बदल.

चुनकळीवर पाणी पडले की ती तापते, वाफा निघतात आणि ढेकळे फुटून त्यांचा भुगा होतो. ५६ ग्रॅम चुनकळी १८ ग्रॅम पाणी घेते आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. हा प्रयोग घरी मुळीच करू नका. चुनकळीने डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर इजा होते.

महाराष्ट्रातल्या अनेक गडांवर चुन्याच्या घाण्या आजही पाहायला मिळतात. गोल चरात दगडी चाक फिरवून तिथे चुना आणि वाळू एकजीव करत. भिंतीत गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो. ७४ ग्रॅम चुन्यात ४४ ग्रॅम वायू मिसळतो, १८ ग्रॅम पाणी बाहेर पडते आणि उरते बरोबर १०० ग्रॅम. म्हणजे पुन्हा चुनखडीच!

म्हणूनच ‘रासायनिक बदल कधीच उलटत नाही’ हा नियम पाठ करू नका. उलट, फोडलेला दगड पूर्ववत सांधता येत नाही, तरी फोडणे हा भौतिक बदलच आहे. प्रश्न एकच विचारायचा: नवा पदार्थ तयार झाला का?

याचे उत्तर वर्गातच पाहता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याच्या नितळ निवळीत नळीने सावकाश फुंका. निवळी तोंडात मात्र जाऊ देऊ नका. ती लगेच दुधाळ होईल. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिथे चुनखडीचे बारीक कण तयार झालेले असतात. भिंतीत ज्याला महिने, वर्षे लागतात, तो बदल इथे मिनिटभरात घडतो.