गल्ल्यातील नाण्यांची पारख

रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजला जातो. नोटांच्या गड्ड्या लागतात, चिल्लर वेगळी केली जाते आणि रोजमेळात आकडा पडतो. या मोजणीत नाण्याचे मूल्य तेवढे पाहिले जाते. त्यावरील वर्ष, त्याखालची बारीक खूण, धातू आणि वजन यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवहाराचा मोठा भाग त्याच चिल्लरीत लिहिलेला असतो.

नाणे पारखणे ही व्यापारी समाजाची जुनी विद्या आहे. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित असलेल्या ठक्कुर फेरू या जैन जाणकाराने इ. स. १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ रचला. कोणत्या नाण्यात कोणता धातू किती आणि त्याचा विनिमयाचा भाव काय, याचे विवेचन त्यात आहे. नाणे घेताना ते नीट पाहावे, ही शिस्त सातशे वर्षांपूर्वीही आवश्यक मानली जात होती.

आजच्या गल्ल्यात काय पाहावे? रुपयाचेच उदाहरण घेऊ. १९६२ चा रुपया निकेलचा आणि १० ग्रॅम वजनाचा होता. १९७५ मध्ये तो तांबे-निकेलचा, ८ ग्रॅमचा झाला. पुढे १९८३ च्या सुमारास ६ ग्रॅम, १९९२ मध्ये स्टेनलेस स्टीलचा ४.८५ ग्रॅम आणि २०११ च्या मालिकेत ३.७९ ग्रॅम. मूल्य तेच राहिले. वजन मात्र एकतृतीयांशाच्या जवळ आले. महागाईचा याहून सोपा धडा पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. नाण्यातील धातू त्याच्या दर्शनी मूल्यापेक्षा महाग झाला, की नाणी वितळवणाऱ्यांचे फावते. जाड, ९ ग्रॅमचे पाच रुपयांचे नाणे मागे पडून २००७ पासून स्टीलचे ६ ग्रॅमचे नाणे आले, ते याच क्रमात. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणी वितळवणे वा नष्ट करणे हा गुन्हा असून, त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

वर्षाच्या आकड्याखाली टांकसाळीची खूण असते. हिऱ्याच्या आकाराचा चौकोन मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' अक्षर आढळते. ती नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे पाडलेली आहेत. स्मारक नाण्यांची परंपरा १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली. भगवान महावीरांच्या २६००व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये निघालेले पाच रुपयांचे नाणे अनेक घरांत जपून ठेवलेले असते.

मात्र येथे एक भ्रम दूर व्हायला हवा. जुने म्हणजे मौल्यवान, हे समीकरण खरे नाही. १९६९ च्या गांधी शताब्दीचे पिवळे वीस पैशांचे नाणे पन्नास वर्षे ओलांडून गेले, तरी ते विपुल संख्येने पाडल्यामुळे आजही सहज मिळते. बाजाराचा नियम नाण्यालाही लागू आहे: उपलब्धता किती, मागणी किती आणि मालाचा दर्जा कसा. दर्जा म्हणजे नाण्याची झीज. म्हणून जुने नाणे चिंचेने किंवा पावडरने घासून चकचकीत करणे हे नुकसानीचे काम आहे. त्याने पृष्ठभाग खरवडला जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. नाणे कडेने धरावे आणि कोरड्या जागी, वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे.

या भ्रमाचाच फायदा ठग घेतात. देवीचे चित्र असलेल्या वा विशिष्ट वर्षाच्या साध्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. फोन केला, की समोरची व्यक्ती नाणे तत्काळ पसंत करते. मग नोंदणी शुल्क, कर, कमिशन अशा नावांनी रक्कम मागितली जाते. कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे बनावट पत्रही दाखवले जाते. एकदा भरलेली रक्कम अडकू नये म्हणून माणूस दुसऱ्यांदा भरतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क घेत नाही. माल विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा व्यवहार कोणत्या पेढीवर होतो? आयुष्यभर चोख हिशेब ठेवलेली वडीलधारी मंडळीही निवृत्तीनंतर या जाळ्यात अडकू शकतात. म्हणून हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला जावा.

काही नियम ध्यानात असावेत. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे. दहा रुपयांच्या नाण्यांची वेगवेगळी रूपे पाहून ती नाकारणे योग्य नाही. जानेवारी २०१८ पर्यंत निघालेल्या सर्व १४ रचना वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी पाठवता येत नाही.

आजोबांच्या डब्यातली नाणी घाईने विकण्यापूर्वी किमान दोन जाणकारांना दाखवावीत. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहिल्यास नजर तयार होते. सुटीच्या दिवशी नातवंडांना मूठभर चिल्लर आणि एक कोरी वही द्यावी. वर्ष, टांकसाळ, धातू, झीज असे चार रकाने त्यांनी आखावेत. लाखाचे नाणे बहुधा सापडणार नाही. पण हाती आलेली वस्तू पारखून घेण्याची आणि फुकटच्या लाभाकडे संशयाने पाहण्याची सवय लागेल. व्यापाऱ्याच्या घरात याहून मोठे भांडवल नाही.