पाण्यावरची गाडी की पेट्रोलवरचं पाणी?

टाकीतलं गणित : लेखांक ७

गेल्या आठवड्यात सीएनजी किटचा खर्च किती दिवसांत वसूल होतो, ते पाहिलं. त्याला जोडून एक प्रश्न हमखास निघतो : किटच बसवायचं, तर पाण्याचं का नको? राहात्यासारख्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. शिर्डीच्या भाविकांना घेऊन इथल्या रस्त्यावरून रात्रंदिवस गाड्या धावतात. लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळाले, तरी बँकेचा हप्ता थोडा हलका होतो. मग मोबाइलवर कुणी इंजिनाशेजारी पाण्याची बाटली आणि तिच्यात उठणारे बुडबुडे दाखवले की बोट तिथं थांबतंच.

बुडबुडे खरे असतात. पोलादी पट्ट्या पाण्यात बुडवून वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. तो मिश्र वायू इंजिनात सोडायचा, एवढंच या ‘एचएचओ किट’चं तंत्र. अडचण वीज येते कुठून, तिथं आहे.

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. प्रवरानगरच्या कारखान्यात बगॅस जळून बॉयलरखाली राख उरते. ती पुन्हा बॉयलरमध्ये टाकून वाफ मिळत नाही, हे तिथल्या कुठल्याही कामगाराला सांगावं लागणार नाही. पाणी ही हायड्रोजनची तशीच राख. तिचं पुन्हा इंधन करायचं, तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढी तरी परत घालावी लागते. एक लिटर पाणी फोडायला कमीत कमी ४.४ युनिट ऊर्जा लागते, चांगल्या यंत्रातही प्रत्यक्षात साडेपाच-सहा युनिट वीज. त्यातून मिळतो १११ ग्रॅम हायड्रोजन. तो गाडीच्या इंजिनात जाळला की बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते आणि चाकापर्यंत जेमतेम एक युनिट पोचतं. सहा घालून एक काढायचा धंदा.

आता हे बॉनेटखाली मांडून बघू. समजा, सहा सेलचं किट आहे आणि ते बॅटरीच्या तारेतून २० अँपिअर घेतं. तासाभरात त्यातून साधारण ७५ लिटर वायू निघेल. आकडा दणदणीत वाटतो, पण त्यातला हायड्रोजन भरतो चार ग्रॅम. उष्णतेच्या हिशेबात हे १५ मिलिलिटर पेट्रोल झालं, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६०नं चालली, तर त्याच तासात ती तीन लिटर पेट्रोल पिते. किटचा वाटा अर्धा टक्का. आणि ती २० अँपिअर वीज फुकट येत नाही. ती अल्टरनेटर बनवतो, अल्टरनेटरला इंजिन पट्ट्यानं फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. दोन्हीकडची गळती धरली, तर या विजेपायी तासाला २०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जळतं. म्हणजे गाडी पाण्यावर चालत नाही, पाणी पेट्रोलवर चालतं. बाटलीतलं पाणी या तासात कमी होतं फक्त ३७ मिलिलिटर. ‘लिटरभर पाण्यात महिना जातो’ अशी जाहिरात असते ती खोटी नसते. पाणी कमी लागतं, कारण काम कमी होतं.

यावर विक्रेत्यांचं उत्तर तयार असतं : वायू थोडा असेना, त्यानं पेट्रोल पूर्ण जळतं. पण आजच्या इंजिनात पेट्रोलचा जवळजवळ सगळा भाग आधीच जळतो. न जळता सुटणारा भाग एक-दोन टक्क्यांचा. तिथून वीस-तीस टक्के बचत कुठून काढणार?

तरीही ‘आमचं अ‍ॅव्हरेज वाढलं’ असं शपथेवर सांगणारे भेटतात, आणि ते सगळे खोटं बोलतात असं मला वाटत नाही. किट बसवताना मेकॅनिक एअर फिल्टर साफ करतो, प्लग बदलतो, हवा तपासतो. नव्या किटचा मालक महिनाभर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जपून ठेवतो. दुसरं कारण मात्र घातक आहे. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जादा ऑक्सिजन पाहून इंजिनाच्या संगणकाला पेट्रोल वाढवायला सांगतो. तसं होऊ नये म्हणून किटसोबत सेन्सरला फसवणारी एक छोटी डबी देतात. पेट्रोल कमी सुटतं, मायलेज थोडं वाढलेलं दिसतं, पण ज्वलन तापतं, व्हॉल्व्हवर ताण येतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचा विषारी धूर वाढतो.

परदेशी लेखांत या किटचा मोठा दोष म्हणून थंडीत पाणी गोठतं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे उलटी गत. मे महिन्यात बॉनेटखाली आधीच भट्टी असते. द्रावण तापलं की त्यातून वीज जास्त वाहते, वीज वाढली की ते आणखी तापतं, आणि तारा वितळेपर्यंत मजल जाते. पाणीही कुठलंही चालत नाही. कालव्याखालच्या पट्ट्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ. त्यानं पट्ट्यांवर क्षारांचा थर बसतो आणि मिठाचा अंश असेल तर क्लोरीन सुटतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर लागतं. पण शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश घालतात, जो कातडी आणि डोळे जाळतो. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांत अशी बाटली हिंदकळवत न्यायची! काहीजण पोटॅशऐवजी खाण्याचा सोडा सुचवतात. त्यात स्टीलमधला क्रोमियम विरघळून पाणी तपकिरी होतं, आणि त्या गाळात क्रोमियमचं विषारी रूप असू शकतं. तो गाळ कुठं ओतायचा, हे कुठलाच व्हिडिओ सांगत नाही.

वायू पेटण्याचा धोका वेगळाच. सीएनजी हवेत ५ ते १५ टक्के असेल तेव्हाच पेट घेतो. हायड्रोजन ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कधीही. या किटमध्ये तर त्याच्याबरोबर ऑक्सिजनही नेमक्या प्रमाणात मिसळलेला असतो. इंजिनातली ज्योत नळीतून मागं फिरली तर बाटली फुटते. मध्ये ज्योतरोधक नसेल, किंवा स्वस्तातला असेल, तर बाकीचं सांगायला नको.

मग कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपेक्षा वेगळे बदल गाडीत करू देत नाही. सीएनजी किट चालतं ते मान्यताप्राप्त असतं आणि त्याची नोंद आरसी बुकवर होते म्हणून. एमएच-१७ची गाडी घेऊन श्रीरामपूरच्या आरटीओत गेलात, तर तिथं इंधनाच्या रकान्यात ‘पाणी’ लिहून मिळणार नाही. गाडीला आग लागली आणि विमा सर्वेक्षकाला बॉनेटखाली न नोंदवलेलं किट सापडलं, तर दावा तिथंच अडकतो.

हे स्वप्न जुनं आहे. अमेरिकेत ओहायोच्या स्टॅनली मेयरनं पाण्यावरची बग्गी दाखवून पैसे गोळा केले. १९९६ साली तिथल्या न्यायालयानं ती ढळढळीत फसवणूक ठरवली. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिळ्ळैचं पाणी आणि वनस्पतींचं ‘हर्बल पेट्रोल’ देशभर गाजलं. पुढे सीबीआयनं खटला भरला आणि २०१६ साली त्याला शिक्षा झाली.

इंजिनात पाणी वापरतात हे मात्र खरं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत आणि अलीकडे बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएस गाडीत ते फवारलं जातं, पण ज्वलन थंड ठेवायला, इंधन म्हणून नाही. हायड्रोजनच्या गाड्याही आहेत. नितीन गडकरी २०२२ साली ज्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, तिच्या टाक्यांत पाणी नव्हतं. बाहेर तयार करून ७०० बारच्या दाबानं भरलेला हायड्रोजन होता. तो बनवायला किलोमागे पन्नासेक युनिट वीज लागते, ती सौर असो वा कोळशाची.

राहाता तालुक्यातल्या शेताचा आणि गाडीच्या टाकीचा खरा धागा उसाचा आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून त्या पाण्यासोबत तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. त्यावर पुढच्या आठवड्यात.