‘येणे’, ‘शकणे’ आणि इंग्रजी ‘कॅन’

आपल्या सभासदांच्या घरची बहुतेक मुले आज इंग्रजी शाळांतून शिकतात, आणि तरीही अर्जात किंवा मुलाखतीत एका लहानशा शब्दापाशी अडखळतात. तो शब्द म्हणजे ‘कॅन’. ही अडचण बुद्धीची नसून मायबोलीच्या श्रीमंतीची आहे, असे आम्हांस वाटते.

मराठीत सामर्थ्य सांगण्याच्या तऱ्हा तीन. ‘मला पोहता येते’ यात शिकून मिळवलेली विद्या आहे. ‘मी उद्या येऊ शकेन’ यात सवड वा शक्यता आहे. ‘मला जिना चढवत नाही’ यात अंगातले बळ आहे. पोहण्यात पटाईत असलेला माणूसही तापात ‘आज पोहवत नाही’ असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला भेद तत्काळ कळतो. इंग्रजी या सर्वांना एकट्या ‘कॅन’वर भागवते. मात्र ‘मला ते बघवत नाही’ याला नुसते ‘कान्ट सी’ म्हटले तर दृष्टी गेली असा अर्थ होईल. तेथे ‘कान्ट बेअर टु सी’ असेच म्हटले पाहिजे. गंमत अशी की ‘कॅन’चा जुना अर्थ ‘जाणणे’ हा असून संस्कृत ‘ज्ञा’ धातूशी त्याचे नाते आहे. म्हणजे आपले ‘येणे’च त्याचे मूळ घर! बडोदेकरांना आणखी एक गंमत ठाऊक असेलच. गुजरातीत ‘मने तरतां आवडे छे’ म्हणजे पोहता येते. नवख्या मराठी माणसाला मात्र पोहण्याची हौस असल्याचा भास होतो.

आता खरी अडचण. ‘शकणे’ सर्व काळांत चालते. ‘कॅन’ला मात्र ‘कॅन’ आणि ‘कुड’ अशी दोनच रूपे. म्हणून ‘शकेन’चे ‘विल कॅन’ करणे चूक. तेथे ‘विल बी एबल टु’ हवे. ‘शकलो आहे’ याला ‘हॅव बीन एबल टु’. ‘कॅन’पुढे ‘टु’ मात्र कधीच येत नाही.

सर्वांत घात होतो तो भूतकाळात. ‘लहानपणी तो झाडावर चढू शकत असे’ हे नेहमीचे सामर्थ्य, म्हणून ‘कुड’. पण ‘आजारी असूनही काल मी परीक्षा देऊ शकलो’ ही एकदाच घडलेली, पार पडलेली गोष्ट. तेथे ‘वॉज एबल टु’ किंवा, खटपट करावी लागली असल्यास, ‘मॅनेज्ड टु’. उमेदवार मुलाखतीत ‘आय कुड कम्प्लीट द कोर्स’ म्हणतो, तेव्हा समोरच्याला ‘मनात आणले तर पुरा करीन’ असेही वाटू शकते, आणि पुऱ्या केलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेय हातचे जाते. नकारात ही अडचण नाही: ‘शकलो नाही’ याला ‘कुड नॉट’ खुशाल वापरावे. दिसणे, ऐकू येणे यांनाही सूट आहे. ‘खिडकीतून नदी दिसत होती’ याला ‘कुड सी’ हेच योग्य. ‘शकलो असतो’ म्हणजे ‘कुड हॅव’, अर्थात जे घडलेच नाही ते. आणि विनंतीतील ‘कुड यू’ हा भूतकाळ नव्हे, निव्वळ अदब होय. (‘कुड’च्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा ‘एल’ मूळचा नाही, ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या संगतीने तो मागाहून शिरला.)

उच्चाराचेही एक सांगावेसे वाटते. होकारी वाक्यात इंग्रज ‘कॅन’ इतका हलका बोलतो की तो ‘कन्’ असा ऐकू येतो. जोर पुढच्या क्रियापदावर असतो. नकारात मात्र जोर ‘कान्ट’वर पडतो, आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा गिळला जातो. अमेरिकेत तर ‘कान्ट’चा स्वरही ‘कॅन’सारखाच. आपली माणसे प्रत्येक शब्द ठासून बोलतात; त्यामुळे परदेशातील मुलाच्या वरिष्ठाला फोनवर ‘आय कॅन कम’ हे ‘येता येणार नाही’ असे ऐकू येण्याचा संभव असतो. अशा वेळी ‘येस, आय विल बी एबल टु कम’ असे पुरे वाक्य बोलावे, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.