आधी थांबणे, मग उडी

कर्जत-खालापूर भागात शाळेची सहल गेली, की एखाद्या शिबिराच्या जागी ट्रॅम्पोलीन, म्हणजे स्प्रिंगांवर ताणलेली उडीची जाळी, दिसते. चार मुले तिकडे धावतात, पाचवे कडेला उभे राहते. त्याच्यावर 'घाबरट' असा शिक्का मारण्यापूर्वी थोडे विज्ञान पाहू.

जमिनीवरून 30 सेंटिमीटर उडी मारणारे मूल जेमतेम अर्धा सेकंद हवेत असते. जाळीवरून सव्वा मीटर उडाले, की पूर्ण एक सेकंद. तोल राखण्यासाठी मेंदूला डोळे, कानातील तोलेंद्रिय, स्नायू आणि तळपाय यांच्याकडून संदेश मिळत असतात. हवेत तळपायांचा ओळखीचा संदेश थांबतो. अशा वेळी भीती वाटणे स्वाभाविकच आहे.

म्हणून पहिला धडा थांबण्याचा. पाय जाळीला लागताच गुडघे वाकवायचे, हात पुढे धरायचे. याचे कारण वर्गात दाखवता येईल. रबरी चेंडू आणि ओल्या मातीचा गोळा एकाच उंचीवरून टाका. चेंडू उसळतो, गोळा चपटा होऊन बसतो. पाय ताठ असले तर ऊर्जा जाळीत साठते आणि जाळी ती परत करते. गुडघे वाकले तर बरीचशी ऊर्जा स्नायूंत जिरते. 'मला हवे तेव्हा थांबता येते' हे एकदा उमगले, की भीती ओसरू लागते.

यानंतर नजर जाळीच्या कडेवर ठेवून लहान सरळ उडी, मग गुडघे छातीशी घेऊन, मग अर्धी गिरकी, मग बसके पडून पुन्हा उभे राहणे. एक पायरी सहज जमल्यावरच पुढची. मूल अडखळले तर मागच्या पायरीवर यावे. कोलांटी मात्र प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय मुळीच नको.

जाळीवर एका वेळी एकच मूल असावे. फुटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवून दोन्ही एकदम सोडा. लहान चेंडू सोडलेल्या उंचीच्याही वर उडतो. मोठ्या मुलाशेजारी उडणाऱ्या लहान मुलाला असाच अनपेक्षित झटका बसू शकतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये नोंदवले, की ट्रॅम्पोलीनवरील सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण एकत्र उडताना होतात.

ट्रॅम्पोलीन ऑलिंपिकमध्ये 2000 साली आले, पण शिकवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले, त्या मल्लखांबातही मूल आधी साधी अढी शिकते. शिक्षक खांबाशी उभा राहून आधार देतो आणि पकड पक्की झाली, की हात हळूच काढून घेतो.

कडेला उभ्या असलेल्या त्या मुलाला 'उडी मार' म्हणू नका. जाळीच्या मध्यावर नुसते उभे राहून गुडघे वाकवायला सांगा. पुढची पायरी बहुधा ते स्वतःच मागेल.