एका पाण्यावरचे मुक्काम

सुटीत एखादे जुने शहर पाहावे, दोन दिवस पाणवठ्यावर अथवा माळरानात काढावेत आणि जिथे द्राक्षाची वाइन होते असा एखादा मुलूखही त्याच फेरीत नजरेखालून घालावा, अशी त्रिविध इच्छा अलीकडे मराठी मध्यमवर्गात चांगलीच रुजली असून, ती पुरी करण्यासाठी ज्यांची ऐपत आहे ते टस्कनीचे किंवा केप टाऊनचे नकाशे उलगडतात आणि ज्यांची नाही ते नाशिकची वाट धरतात. नाशिकविषयी आमची काही तक्रार नाही. सुला कंपनीने १९९७ साली तिथे वाइनच्या वेली लावल्यापासून त्या शहराचे रूपच पालटले, आणि गोदाघाट तर पूर्वापार आहेच; शिवाय २०२० साली रामसर यादीत दाखल झालेले नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्यही तासाभराच्या अंतरावर आहे. तथापि पंढरपूर आणि टेंभुर्णी यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या करकंबसारख्या कसब्यात राहणाऱ्या माणसाला नकाशावर दुसरीच एक साखळी दिसते: भिगवणचे पक्षी, अकलूजची वाइन, पंढरपूर तालुक्याच्या द्राक्षबागा आणि सोलापूर शहर ही स्थळे एकाच भीमा खोऱ्याच्या पाण्यावर जगतात, आणि त्या पाण्याच्या उतारानेच फेरी आखली तर पाच-सहा दिवसांत हा सारा ऐवज पदरात पडतो.

फेरीची तजवीज करताना लोक प्रथम किलोमीटर मोजतात. आमच्या मते प्रथम महिना ठरवावा, कारण या भागात पाहण्यासारख्या गोष्टी जागच्या जागी असल्या तरी बाराही महिने दर्शन देत नाहीत. १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण, ज्याच्या जलाशयाला सरकारदप्तरी यशवंत सागर म्हणतात, सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी पोटात घेते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्यात जमा होतो. पावसाळ्याअखेर हा जलाशय काठोकाठ भरला म्हणजे त्याचा फुगवटा पार भिगवणच्या पलीकडे जातो, परंतु त्या वेळी पाणी खोल असल्यामुळे उथळ चिखलात चोच उलटी बुडवून शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या रोहित पक्ष्याला तिथे पाय टेकायलाही जागा नसते. कालव्यांना आवर्तने सुटू लागली, पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला, की मग डिसेंबर-जानेवारीपासून हे गुलाबी पाहुणे उतरू लागतात. म्हणजे शेतकऱ्याने उसाला आणि द्राक्षाला पाणी घेतले, म्हणून पक्ष्याचे ताट वाढले गेले.

द्राक्षाचे पंचांगही नेमके इथेच जुळते. युरोपात हिवाळ्याच्या बर्फात वेल आपोआप झोपी जाते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे तोडणी होते. आमच्याकडे बर्फ नाही, त्यामुळे वेलीला झोप नाही, आणि तिला शिस्त लावण्याचे काम कात्रीला करावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तीत पुढच्या हंगामाची काडी तयार व्हावी म्हणून जुनी वाढ उतरवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि तिच्यापासून चारेक महिन्यांनी, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, घड उतरतात. खाण्याची द्राक्षे असोत वा वाइनची, या नियमाला अपवाद नाही. तेव्हा पक्षी आणि पीक या दोघांची गाठ घालून देणारा काळ जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर एवढाच उरतो. त्यातही एक पाचर आहे, आणि ती कॅलेंडरात सापडत नाही, पंचांगात सापडते: पंढरपूरच्या चार मोठ्या यात्रांपैकी माघी याच दिवसांत येते. माघ शुद्ध एकादशीच्या आगेमागे पंढरपुरात खोली मिळण्याची आशा धरू नये. ते चार दिवस वगळूनच मुक्काम नेमावेत. एप्रिल-मे महिन्यांत येऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र आमच्या उन्हाची कीर्ती ऐकून घ्यावी आणि मग इच्छा असल्यास यावे.

पुण्याहून निघणाऱ्याने पहिला मुक्काम भिगवणच्या बाजूला टाकावा. सोलापूरच्या हमरस्त्याने हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जाताना पाटसहून बारामतीकडे वळल्यास रोटी या गावी वाइनचा एक कारखाना लागतो, परंतु पहिल्याच दिवशी दुपारी पेला हाती घेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा सायंकाळपर्यंत कुंभारगाव अथवा डिकसळ गाठावे, तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी चालवलेल्या घरगुती निवासात माशाचे कालवण आणि भाकरी जेवावी, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी नावेत बसावे. नाव हाकणारा माणूसच बहुधा वाटाड्या असतो, आणि ज्यांची शेते उजनीच्या पोटात गेली त्यांच्या वंशजांनी त्याच पाण्यावर आता पोटापाण्याची सोय केली आहे, हे त्याच्याशी बोलताना आपोआप कळते. रोहितांचा थवा एकदम उडाला म्हणजे पंखांखालचा लाल रंग पेटतो, म्हणूनच त्याला अग्निपंख म्हणतात. पण जाणत्याने केवळ त्याच्यावर लुब्ध होऊ नये. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चित्रबलाक, मोर शराटी, नदीसुरय यांच्यासाठी दुर्बीण जवळ असावी. नावाड्याला थव्याच्या अगदी जवळ जाण्याचा आग्रह करणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत; छायाचित्रासाठी पक्षी उडवणे हा निव्वळ अडाणीपणा होय. पाण्यात हात मात्र घालू नये. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी याच जलाशयाला येऊन मिळते, आणि त्याचा वास कधीकधी पक्ष्यांच्या आधी येतो. पाणी फारच उतरलेल्या वर्षी पळसदेवचे बुडालेले प्राचीन शिवमंदिर वर येते, परंतु ते बहुधा उन्हाळ्यात.

दुसरा मुक्काम अकलूज. इंदापूरहून सराटीला नीरा ओलांडली की अकलूज येते, आणि हा मार्ग ज्यांनी आषाढात पाहिला असेल त्यांना त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही: रोटीचा घाट, इंदापूर, सराटीचे नीरास्नान, अकलूजचे गोल रिंगण, हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता आहे. ज्या रस्त्याने तुळशीची माळ घातलेली लाखो माणसे पायी जातात त्याच रस्त्यावर वाइनचे दोन कारखाने उभे राहावेत, यात काहींना विपरीत वाटते. आम्हांला त्यात पाणी आणि जमीन यांची साधी संगती दिसते, कारण नीरेच्या उजव्या कालव्याने या दुष्काळी तालुक्यात बारमाही पिके आणली नसती तर उसाचे साखर कारखानेही झाले नसते आणि द्राक्षेही झाली नसती.

या शतकाच्या पहिल्या दशकात अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातील बंधू, सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी एकत्र येऊन फ्रातेली ही कंपनी काढली, टस्कनीचे मद्यविशारद पिएरो मासी त्यांच्या सोबतीला आले, आणि माळशिरस तालुक्यातील मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या मौज्यांत सुमारे २४० एकरांवर परदेशातून आणलेली रोपे लागली. त्यात टस्कनीचे सांजोवेसे हे वाण आहे. कॅबर्ने सोव्हिन्योंबरोबर त्याचे मिश्रण करून सिद्ध होणारी ‘सेत्ते’ ही त्यांची नावाजलेली तांबडी वाइन. इथे जाताना आधी कळवून जावे, राहण्याच्या खोल्या मोजक्याच असल्यामुळे आरक्षण बरेच आधी करावे, आणि शक्यतो तोडणीच्या दिवशी पहाटे बागेत उभे राहावे. द्राक्षाच्या गावात वाढलेल्या माणसालाही तिथे नवल वाटते. आम्ही खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा, लांब व्हावा म्हणून जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवतो आणि घडातील मणी विरळ करतो; वाइनचा बागाईतदार नेमके उलटे इच्छितो. त्याला मणी लहान, साल जाड आणि बीसकट हवा असतो, कारण तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो आणि मोठ्या मण्यात रस अधिक, साल कमी. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून सालीपासून वेगळा करतात, तांबडीसाठी तो सालीसकट आंबवतात, आणि निवडक माल पुढे ओकच्या पिंपांत महिनोन्‌महिने ठेवतात. चाखताना जाणकारीचा आव आणण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्याने वयाची एकवीस वर्षे पुरी असावी लागतात, एवढे ध्यानी ठेवावे, आणि मोटार चालवणाऱ्याने त्या दिवशी द्राक्षेच खावीत. बरोबर माळकरी वडीलधारे असल्यास त्यांच्यासमोर बाटल्यांचे प्रदर्शन मांडू नये. त्यांना बागेत हिंडवावे, घडांवरून हात फिरवू द्यावा. पुष्कळदा त्यांचेच प्रश्न अधिक मार्मिक असतात.

अकलूजहून पंढरपुराकडे येताना वेळापुरास अर्धा तास थांबून अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर पाहावे. पंढरपूरविषयी विस्तार करण्याची गरज नाही. ज्यांना पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे झेपत नाही त्यांनी मुखदर्शन घ्यावे आणि वाळवंटात जाऊन बसावे. भिगवणला जे पाणी पाहिले तेच इथे चंद्रभागा होऊन आलेले आहे, फक्त ते धरणाच्या आज्ञेने येते.

पंढरपूरहून वीसेक किलोमीटरवर करकंब. इथे पर्यटनस्थळ म्हणून काही नाही, आणि ते आम्ही मोठ्या समाधानाने सांगतो. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या शिवारात बेदाण्याचे शेड पाहिल्याशिवाय द्राक्षाची हकिकत पुरी होत नाही. पिकलेले, साखर चांगली भरलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सुटतो. मग सावलीतल्या रॅकवर, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर ते पसरतात, आणि कोरडे वारे त्यांतून फिरत राहिले की बारा-पंधरा दिवसांत चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. त्याचा हिरवा रंग टिकला तर भाव, काळसर पडला तर तोटा. या दिवसांत आभाळ भरून आले की सबंध गावाचा जीव टांगणीला लागतो, कारण अवकाळी पावसाची एक सर घडाला तडा देते आणि रॅकवरचा मालही नासवते. पुढे पंढरपूरच्या बाजार समितीत त्याचे सौदे निघतात. वाइनच्या दालनात जी किंमत बाटलीवर छापलेली असते ती इथे व्यापाऱ्यांच्या बोलीवर ठरते, आणि तो सौदा पाहणे आम्हांला कोणत्याही चाखण्याच्या समारंभाहून अधिक उद्बोधक वाटते.

शेवटचे दोन मुक्काम सोलापूर शहरात. लोक बहुधा शहर आधी उरकतात आणि रानाकडे नंतर जातात; आम्ही उलट क्रम सुचवतो, कारण पहाटे उठण्याचा उत्साह पहिल्या दिवसांत असतो, आणि चादरींचे ओझे अखेरीसच बरे. तळ्याच्या मधोमध असलेले सिद्धेश्वराचे मंदिर हे शहराचे हृदय आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी कन्नडात वचने रचली, आणि मकरसंक्रांतीला नंदीध्वज खांद्यावर घेऊन निघणारी त्यांची गड्ड्याची यात्रा आजही मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत नांदते. शेजारी बहमनी काळातला भुईकोट किल्ला आहे. पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती आहे; तिथे यंत्रमागांचा खडखडाट ऐकत चादर घ्यावी, ती दुकानात घेण्यात अर्धी गंमत जाते. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. १९१० साली जन्मलेला हा सोलापूरकर युद्धातील जखमींची शुश्रूषा करता करता १९४२ साली चीनमध्ये निवर्तला. चार पुतळ्यांपाशी थांबून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावे वाचावीत. स्वातंत्र्यचळवळीत १९३० साली शहरावर लादलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात यांना फाशी झाली. जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी. आणि खोली घेताना पाण्याची चौकशी करावी, कारण उजनीहून जलवाहिनीने पाणी येणाऱ्या या शहरात नळ काही दिवसांआड सुटतो. भिगवणला अथांग जलाशय पाहून आलेल्या पाहुण्याला हे खरे वाटत नाही.

एक पहाट नान्नजसाठी राखावी. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याच्या बाजूला, १९७९ साली घोषित झालेले माळढोक अभयारण्य आहे. मूळचे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे घटवून सुमारे बाराशेवर आणले गेले, आणि माळढोक पक्षी तर इतका दुर्मीळ झाला की त्याची आशा धरून जाणारा निराशच परतेल. काळविटांसाठी जावे, लांडगा दिसला तर भाग्य मानावे, आणि उगवत्या उन्हात माळाचे गवत पाहावे. द्राक्षाच्या अभ्यासकाला याच गावचे आणखी एक अगत्य आहे: नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत थॉम्सन सीडलेसमधून निपजलेली वेगळी वेल हेरून ‘सोनाका’ हे वाण दिले, आणि काळ्या ‘शरद सीडलेस’चा जन्मही त्यांच्याच हातचा. एका शेतकऱ्याच्या नजरेने सोलापूर जिल्ह्याला जे मिळाले त्याची मोजदाद करणे कठीण आहे.

परतीसाठी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत पहाटे सुटते, म्हणून नान्नजचा बेत असेल त्या दिवशी ती उपयोगाची नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरावी, ती सकाळी मुंबईत पोचवते. तिचे आरक्षण मात्र फेरीची तारीख नक्की होताच करून टाकावे, कारण सोलापूरकर स्वतःच ती गाडी भरून टाकतात.