फोन वाढला, अंगठा तेवढाच

संध्याकाळची कल्याण लोकल. दादरला चढलेल्या बाईंचा डावा हात वरच्या कडीला, खांद्याला पर्स, उजव्या हातात फोन. फोनचा खालचा काठ करंगळीवर टेकलेला, मागून तीन बोटांचा आधार, आणि काम करायला उरला एकटा अंगठा. मुलीचा मेसेज वाचून झाला, उत्तरही पाठवून झालं. आता मागे जायचंय, आणि मागे जाण्याचा बाण आहे पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. अंगठा ताणला तरी बाण बोटभर लांबच राहतो. मग त्या फोन तळहातावरच जरा खाली सरकवतात. करंगळीचा आधार सुटतो, फोन तिरका होतो आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खालच्या भलत्याच बटणावर टेकतो. नेमका तेव्हा गाडीला हिसका बसला, तर फोन थेट माणसांच्या पायांत.

अशी कसरत दिवसातून किती वेळा होते, ते कोणी मोजत नाही. आपलाच हात लहान, आपल्यालाच फोन नीट धरता येत नाही, असं म्हणून लोक गप्प बसतात. पण ही चूक हाताची नाही. कोणतं बटण कुठे ठेवायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांची आहे.

2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता, म्हणजे जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच. अंगठा चारही कोपऱ्यांवर आरामात फिरायचा. 2010 मध्ये एका पत्रकार परिषदेत स्टीव्ह जॉब्ज यांनी मोठ्या फोनची टर उडवली होती. हातात न मावणारा फोन कोणी घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी सॅमसंगने 5.3 इंचांचा गॅलेक्सी नोट आणला. अनेकांनी त्याला नाकं मुरडली, पण तो खपला. ॲपलने 2012 मध्ये आयफोन 5 चा पडदा 4 इंचांचा केला तो फक्त उंचीला, रुंदी तीच ठेवून; अंगठा सगळीकडे पोहोचतो, हाच त्याच्या जाहिरातीचा मुद्दा होता. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने साडेपाच इंचांचा आयफोन 6 प्लस बाजारात आणला. लोकांना सिनेमा, नकाशे आणि वाचायला मोठी अक्षरं हवी होती. आपल्याकडे तर कित्येक घरांत फोन हाच टीव्ही, तोच कॉम्प्युटर आणि तीच बँक. पडदा मोठा होणं साहजिकच होतं.

इथे इंचांचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. फोनचा इंच हा कर्णाचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. साडेपाच इंचांचा जुन्या 16:9 घडणीचा (म्हणजे उंची-रुंदीच्या त्या प्रमाणाचा) पडदा सुमारे 68 मिलिमीटर रुंद आणि 122 मिलिमीटर उंच भरतो. साडेसहा इंचांचा आजचा 20:9 घडणीचा पडदाही रुंदीला जवळजवळ तेवढाच, 68 मिलिमीटर. उंची मात्र 150. दुकानात नवा फोन मुठीत धरला की जुन्याइतकाच वाटतो, कारण मूठ रुंदी मोजते. वाढलेले जवळजवळ तीन सेंटिमीटर सगळे वरच्या बाजूला गेलेले असतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात ॲपवाल्यांनी बटणं मांडून ठेवलेली असतात.

अंगठ्याच्या बुडाशी खोगिराच्या आकाराचा सांधा असतो. त्या सांध्याभोवती अंगठा गाडीच्या वायपरसारखा कमानीत फिरतो. उजव्या हाताची कमान पडद्याच्या खालच्या उजव्या बाजूकडून डावीकडे मध्यापर्यंत जाते. तेवढ्या भागात काम विनासायास होतं, त्याच्या पलीकडे ताण पडतो आणि वरचा डावा कोपरा पकड बदलल्याशिवाय हाती लागत नाही. डावखुऱ्यांचं चित्र याच्या बरोबर उलट. बायकांचे हात सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतात, त्यामुळे त्यांची कमानही आखूड. कंपन्या मात्र सगळ्यांना त्याच मापाचा फोन विकतात.

लोक फोन कसा धरतात, हे अमेरिकेतले डिझाइनर स्टीव्हन हूबर यांनी रस्त्यांवर, बसथांब्यांवर आणि गाड्यांमध्ये उभं राहून पाहिलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 1,333 नोंदी होत्या. पडद्याला हात लावून काही करत असलेल्यांपैकी 49 टक्के लोक एकाच हाताने काम करत होते. 36 टक्क्यांनी फोन दोन्ही हातांत धरून एकाच हाताने तो चालवला, आणि दोन्ही अंगठ्यांनी चालवणारे फक्त 15 टक्के. त्यांच्या नोंदींतली आणखी एक गोष्ट टक्केवारीपेक्षाही महत्त्वाची आहे: माणूस एका पकडीवर टिकत नाही, काही सेकंदांत ती बदलते. म्हणजे ‘अमुक लोक एकहाती, तमुक दोनहाती’ अशी वाटणी करताच येत नाही. पिशवी उचलली, छत्री उघडली, मूल कडेवर घेतलं की दोनहाती माणूस त्या क्षणी एकहाती होतो.

मग बटणं वर गेलीच कशी? त्याचं मूळ टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये एक नियम मांडला. एखाद्या ठिकाणी हात न्यायला किती वेळ लागेल, हे ते ठिकाण किती लांब आणि किती मोठं आहे यावर ठरतं. माउसच्या बाणाला पडद्याची कड अडवते, कितीही जोरात ढकलला तरी तो कोपऱ्यातच थांबतो. त्यामुळे माउससाठी कोपरा ही सर्वात सोपी जागा. मेन्यू, बंद करायचं बटण, मागे जायचा बाण कोपऱ्यांत ठेवणं तिथे शहाणपणाचंच होतं. फोन आले तेव्हा ही मांडणी तशीच्या तशी उचलली गेली. माउस गेला, अंगठा आला, आणि सर्वात सोपी जागा सर्वात अवघड होऊन बसली.

सुधारणा झाली, पण अडखळत. 2011 च्या विंडोज फोनवर ब्राउझरची पत्त्याची पट्टी तळाशी होती, पण तो फोनच बाजारात टिकला नाही. 2018 मध्ये सॅमसंगने आपल्या फोनच्या पडद्याची नवी मांडणी, वन यूआय, आणताना पडद्याची उघड वाटणी केली: वरचा भाग बघायचा, खालचा भाग काम करायचा. म्हणून सॅमसंगच्या सेटिंगमध्ये शीर्षक वर मोठी जागा अडवून बसतं आणि यादी खाली, अंगठ्याजवळ सुरू होते. बघणाऱ्याला ती मोकळी जागा वाया गेल्यासारखी वाटते, वापरणाऱ्याला तिचा अर्थ कळतो. ॲपलने 2021 मध्ये सफारीची पत्त्याची पट्टी खाली आणली, तेव्हा चाचणीच्या काळातच आरडाओरडा झाला. पट्टी पानावर तरंगत होती, नेहमीची बटणं आत लपली होती. शेवटी कंपनीने पट्टी तळाशी घट्ट बसवली आणि नको असेल त्याला ती पुन्हा वर नेण्याची सोय दिली. व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवरच्या चॅट, कॉल वगैरेंच्या खुणा 2024 मध्ये खाली आणल्या. तेव्हाही काही दिवस लोकांची बोटं सवयीने वरच जात होती.

अर्थात सगळंच खाली आणून कोंबलं की झालं, असंही नाही. अंगठ्याखालची जागा चुकून दाबली जाण्याचीही जागा असते. ‘डिलीट’ किंवा ‘सगळं पुसा’ जरा लांब, मुद्दाम हात न्यावा लागेल अशा ठिकाणी असलेलं बरं. शिवाय बटण जवळ असून भागत नाही, ते पुरेसं मोठंही हवं. 2006 मधल्या एका प्रयोगात एकहाती वापरासाठी बटणाची बाजू सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास असावी असं दिसलं होतं. अँड्रॉइडच्या नियमावलीतलं मापही साधारण 9 मिलिमीटरच आहे. तरीही मोबाइलवर जाहिरात बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढीच असते. तिथे नेम चुकला की जाहिरात उघडते, आणि ते कुणाच्या फायद्याचं असतं हे वाचकांना सांगायला नको.

ज्यांना लहान फोनच हवे होते, त्यांची फार काळ सोय झाली नाही. ॲपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचांचे ‘मिनी’ फोन काढले; 2022 मध्ये ते मॉडेल पुढे आलं नाही. फोनच्या पाठीला चिकटवायची, दोन बोटांत अडकणारी गोल पॉपसॉकेटची टिकली मात्र जगभर खपली. ती बाजारात आणणारे डेव्हिड बार्नेट हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते.

सध्या हातात असलेल्या फोनवरही बरंच काही करता येतं, फक्त ते सेटिंगच्या पोटात दडलेलं असतं. आयफोनवर ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टच’ उघडून ‘रीचेबिलिटी’ चालू करावी. मग पडद्याच्या खालच्या कडेवरून बोट खाली ओढलं की वरचा भाग अर्ध्यावर उतरतो. सॅमसंगवर ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये ‘वन-हँडेड मोड’ आहे, तो सगळा पडदाच लहान करून एका बाजूला आणतो. जीबोर्ड कीबोर्डही डाव्या किंवा उजव्या कडेला सरकवता येतो. देवनागरी टाइप करताना याचा खास उपयोग होतो, कारण अक्षरं जास्त आणि त्या मानाने कळा बारीक. क्रोमची पत्त्याची पट्टीही सेटिंगमधून तळाशी आणता येते. अँड्रॉइड 10 पासून मागे जायला कोपऱ्यातला बाणच शोधावा लागतो असं नाही. बोटांच्या इशाऱ्यांची (जेस्चर) सोय चालू असेल तर डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही कडेवरून आत बोट फिरवलं तरी पुरतं. लोकलमधल्या त्या बाईंचा फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्यांची कसरत एवढ्यानेच टळेल.

पण हा भार एकट्या वापरणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. हात प्लास्टरमध्ये असलेला तरुण, पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा, बाळाला पाजत बसलेली आई यांना एकहाती फोन ही चैन नाही, गरज आहे. पेन्शन, रेशन, दवाखान्याचा नंबर, बँकेतले पैसे, सगळं आता त्याच पडद्यावर आहे. अशी ॲप्स बनवणाऱ्यांनी प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर काढण्याआधी एका हातात भाजीची पिशवी घेऊन, उभ्या उभ्या, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या अंगठ्याने ती चालवून पाहावी. आणि वाचकांनी हा अंक खाली ठेवल्यावर घरातल्या थोरामोठ्यांच्या फोनमध्ये वर सांगितलेल्यांपैकी लागू पडणारं सेटिंग शोधून त्यांच्यासमोर एकदा चालू करून द्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.